प्रकाशन व्यवसायात प्रवेश : पदवीचा आधार की अनुभवाची शिदोरी?

(ग्रंथालय कार्यकर्ते, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पदवी परीक्षेचे निकाल लागले की अनेक घरांतून एकच प्रश्न उभा राहतो : पुढे काय? मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या, पुस्तकांची मनापासून ओढ असलेल्या मुलामुलींच्या बाबतीत हा प्रश्न थोडा वेगळे रूप घेतो. त्यांना पुस्तकांच्या जगात काम करावयाचे असते. मग त्यासाठी आणखी दोन वर्षे देऊन पदव्युत्तर पदवी घ्यावी, की एखाद्या प्रकाशन संस्थेत मिळेल ते काम पत्करून अनुभवाच्या बळावर पुढे जावे? विद्यार्थी हा प्रश्न आपल्या शिक्षकाला विचारतो; त्याचे वडील गावातील जाणत्या माणसाला विचारतात. म्हणजेच हा प्रश्न अखेरीस येथे जमलेल्या मंडळींपर्यंत येऊन पोहोचतो. सल्ला देण्यास दोन मिनिटे लागतात. परंतु त्या सल्ल्यावर एका कुटुंबाची दोन वर्षे आणि गाठीची पुंजी अवलंबून असते. म्हणून त्याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

प्रकाशकाचे काम नेमके कोणते?

पदवी उपयोगी की अनुभव, हे ठरविण्यापूर्वी मुळात हे काम काय आहे ते समजून घेतले पाहिजे. पुस्तक छापणे म्हणजे प्रकाशन, असा एक समज रूढ आहे. तो पुरता खरा नाही. प्रकाशकाच्या कामाची स्थूलमानाने चार अंगे मानता येतील : संहितेची निवड, संपादन व मुद्रितशोधन, निर्मिती आणि विक्री. यांपैकी पहिल्या दोन अंगांना वाचनाची बैठक लागते, तर उरलेल्या दोहोंना हिशेबाची आणि हाताच्या सरावाची.

निर्मितीचेच उदाहरण घ्या. डेमी अष्टपत्री आकाराच्या पुस्तकात कागदाच्या एका तावावर दोन्ही बाजूंनी मिळून १६ पृष्ठे बसतात. त्याला एक फर्मा म्हणतात. १६० पृष्ठांचे पुस्तक म्हणजे १० फर्मे. त्याच्या १,००० प्रती काढावयाच्या तर १०,००० ताव, म्हणजे ५०० तावांची २० रिमे कागद लागतो. वाया जाणारा कागद वेगळाच. आता तेच पुस्तक १६४ पृष्ठांचे झाले, तर वाढीव कागद जेमतेम अर्धे रीम लागेल. परंतु ती ४ पृष्ठे छपाईत आणि बांधणीत स्वतंत्र तुकडा म्हणून हाताळावी लागतात. अनुभवी संपादक अशा वेळी कोरी पाने, प्रकरणांच्या आरंभी सोडलेली जागा, सूचीचा टंक यांकडे पाहतो आणि लेखकाच्या एकाही शब्दाला धक्का न लावता पुस्तक १६० पृष्ठांत बसवितो. ही युक्ती एम.ए.च्या अभ्यासक्रमात बहुधा भेटत नाही.

विक्रीचा हिशेबही असाच आहे. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये ठेवली आणि विक्रेत्याला तिसरा हिस्सा सवलत दिली, तर प्रकाशकाच्या हाती २०० रुपये येतात. लेखकाचे मानधन किमतीच्या दहा टक्के धरले, तर त्यातून ३० रुपये वजा होऊन १७० उरतात. १,००० प्रतींच्या निर्मितीस एक लाख रुपये लागले असतील, तर ५८९ वी प्रत विकली जाईपर्यंत घातलेले पैसेही परत येत नाहीत. गोदामाचे भाडे, टपालखर्च आणि दुकानांतून परत येणाऱ्या मळक्या प्रती या हिशेबात अजून धरलेल्याच नाहीत. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. परंतु कोणते पुस्तक घ्यावे आणि किती प्रती काढाव्यात, या निर्णयाच्या मुळाशी हेच गणित असते. एखादी कादंबरी उत्तम आहे हे ओळखणे एक, आणि तिच्या ६०० प्रती खपतील की ३,००० हे ओळखणे दुसरे.

दोन मार्ग, दोन माणसे

मराठी प्रकाशनाच्या इतिहासाकडे पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर फार मार्मिक रीतीने मिळते.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ चा. घरच्या गरिबीमुळे त्यांना कोवळ्या वयातच मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात अल्प वेतनावर काम धरावे लागले. टाइप घासण्यापासून त्यांची सुरुवात झाली. पुढे इतर छापखान्यांतून अनुभव घेऊन त्यांनी १८६४ साली स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरच्या सुबक देवनागरी वळणाची आणि शुद्ध छपाईची कीर्ती देशभर झाली. जावजींपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. मग 'केवळ अनुभवाने सारे साधते' असा निष्कर्ष काढावा काय? तसे करणे घाईचे होईल. संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनाचे मोठे काम हाती घेताना जावजींनी विद्वानांना जवळ केले. 'काव्यमाला' या प्रसिद्ध ग्रंथमालेचे संपादन पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारख्या व्युत्पन्न संपादकांकडे होते. आपल्याला काय येत नाही हे जावजींना नेमके ठाऊक होते, आणि जे येत नाही ते त्यांनी सन्मानाने संस्थेत आणले.

दुसरे उदाहरण श्री. पु. भागवत यांचे. त्यांचा काळ १९२३ ते २००७. ते साहित्याचे जाणकार अभ्यासक होते; 'सत्यकथा' मासिक आणि मौज प्रकाशन गृह यांच्या संपादनातून त्यांनी मराठी वाङ्मयाच्या एका कालखंडाला वळण दिले. त्यांच्यापाशी विद्वत्ता होती. पण त्यांचा लौकिक केवळ विद्वत्तेवर उभा राहिला नाही. हस्तलिखित बारकाईने वाचणे, लेखकाला सविस्तर सूचना कळविणे, पुनर्लेखनासाठी त्याच्याशी संवाद करीत राहणे, मुद्रिते डोळ्यांत तेल घालून तपासणे, ही कष्टाची कामे त्यांनी कमी प्रतीची मानली नाहीत. त्यांचे बंधू वि. पु. भागवत यांचे मुद्रण व्यवस्थेवरील लक्ष त्यांच्या पाठीशी होते. महाराष्ट्र शासनाने उत्कृष्ट मराठी प्रकाशन संस्थेसाठी ठेवलेला पुरस्कार श्री. पु. भागवत यांच्याच नावाचा आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

छापखान्यातून आलेल्या माणसाने विद्वत्तेचा शोध घेतला, आणि विद्वत्तेतून आलेल्या माणसाने छापखान्याची शिस्त अंगी बाणवली. दोघांचे प्रवेशद्वार भिन्न होते. पण दोघेही आपल्या उणिवेच्या दिशेने चालत गेले. पदवी आणि अनुभव यांच्या वादातील खरे मर्म येथे आहे.

याच मालिकेत आणखी दोन नावे घेता येतील. मॅजेस्टिकचे केशवराव कोठावळे पुस्तक विक्रीतून प्रकाशनाकडे आले. गिरगावातील पुस्तक विक्रीने त्यांना वाचक कसा असतो हे शिकविले आणि त्या जाणिवेतूनच १९६४ साली 'ललित' हे ग्रंथप्रेमी वाचकांचे मासिक सुरू झाले. दिनकर गांगल आणि त्यांचे सहकारी पत्रकारिता व अन्य क्षेत्रांतून आले. १९७४ च्या सुमारास सुरू झालेल्या 'ग्रंथाली'ने स्वतःला वाचक चळवळ म्हणवले आणि १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' वाचकांपर्यंत नेले. प्रकाशनाच्या वाड्याला दरवाजे अनेक आहेत, हेच यावरून दिसते.

पदव्युत्तर शिक्षणाने काय मिळते?

पदव्युत्तर शिक्षणाचे दोन प्रकार ध्यानात ठेवावे लागतात. एक विषयाचे शिक्षण, म्हणजे मराठी, इतिहास, विधी किंवा विज्ञान यांतील पदवी. दुसरे प्रकाशन विद्येचेच शिक्षण.

पहिल्या प्रकारचा लाभ हळूहळू दिसतो. दोन वर्षे सलग वाचन केलेल्या व्यक्तीला एखादी संहिता हाती आल्यावर ती परंपरेत कोठे बसते, तिच्यात उसने काय आणि स्वतःचे काय, हे ताडता येते. पाठ्यपुस्तके, संदर्भग्रंथ, कायद्याची व शास्त्रीय पुस्तके या क्षेत्रांत तर विषयज्ञानावाचून संपादकाचा निभाव लागत नाही. शासकीय व निमशासकीय संस्थांमधील संपादकीय पदांसाठी शैक्षणिक अर्हता जाहिरातीतच नमूद केलेली असते. तेथे कितीही वर्षांचा अनुभव असला, तरी मागितलेली पदवी नसल्यास अर्ज छाननीतच बाद होतो. या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्याने पदवीला पर्याय शोधू नये.

दुसऱ्या प्रकारचे शिक्षणही भारतात उपलब्ध होत गेले आहे. १९५७ साली स्थापन झालेला नॅशनल बुक ट्रस्ट प्रकाशनविषयक अल्प मुदतीचे प्रशिक्षणवर्ग घेत आला आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने पुस्तक प्रकाशनाची पदव्युत्तर पदविका आखली. कोलकात्यात २०१२ साली सीगल संस्थेने प्रकाशनाची शाळा काढली. मुद्रणतंत्र शिकावयाचे असेल, तर मुंबईत शासकीय मुद्रण तंत्र संस्था आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड ब्रुक्स आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज येथे प्रकाशन विषयात एम.ए. करता येते. अमेरिकेत मात्र रॅडक्लिफ महाविद्यालयात १९४७ साली सुरू झालेला आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात गेलेला प्रसिद्ध अभ्यासक्रम अवघ्या सहा आठवड्यांचा होता, ही गोष्ट बोलकी आहे. व्यवसायाची तोंडओळख करून देण्यास फार मोठा काळ लागत नाही. त्यात मुरण्यास लागतो.

मराठीत काम करू इच्छिणाऱ्याने एक भेद लक्षात घ्यावा. यांपैकी बहुतेक अभ्यासक्रमांची भाषा आणि उदाहरणे इंग्रजी प्रकाशनाची असतात. मराठीचे प्रश्न निराळे आहेत. शुद्धलेखनाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ ची ४ नियमांची भर किती जणांना हातात लेखणी घेऊन लागू करता येते? जुन्या संगणकीय टंकातील मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. तो दोष नजरेने टिपणारा शोधक आज हवा आहे. हे कसब अनुभवी मुद्रितशोधकाच्या शेजारी बसूनच लवकर येते.

अनुभवाची दुसरी बाजू

येथपर्यंतच्या विवेचनावरून अनुभवाचे पारडे जड वाटण्याचा संभव आहे. परंतु अनुभवाची महती गाताना एक कटू सत्य झाकले जाते. अनुभव सर्वांना सारख्या किमतीला मिळत नाही. मराठी प्रकाशन संस्था मुख्यत्वे पुणे-मुंबईत एकवटलेल्या आहेत. तेथे सहा महिने नाममात्र मोबदल्यावर उमेदवारी करणे पुण्यातील मुलाला परवडते, कारण तो रात्री स्वतःच्या घरी जेवतो. नांदेड, गडचिरोली किंवा नंदुरबार जिल्ह्यातील मुलीला खोलीचे भाडे आणि खानावळ यांचा खर्च प्रथम उभा करावा लागतो. तिला 'पदवीत काय ठेवले आहे, सरळ काम धर' असे सांगणे सोपे आहे. पण तो सल्ला तिच्या परिस्थितीला धरून नाही.

उलट, जवळच्या विद्यापीठात एम.ए. करताना तिला वसतिगृह मिळू शकते, पात्र असल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, ग्रंथालय हाताशी असते. अशा विद्यार्थिनीसाठी पदव्युत्तर शिक्षण हाच कमी खर्चाचा दरवाजा ठरतो. मात्र त्या दोन वर्षांत केवळ परीक्षेपुरती टिपणे काढून भागणार नाही. विभागाचे नियतकालिक, महाविद्यालयाचा वार्षिक अंक, चर्चासत्राची स्मरणिका यांची मुद्रिते तिने मागून घ्यावीत आणि अंक छापून येईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी ४ श्रेयांकांचे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण घालण्यात आले आहे. पदवी की अनुभव, या वादाला अभ्यासक्रमानेच दिलेले हे उत्तर आहे. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतले, तर मराठीचा विद्यार्थी हे प्रशिक्षण प्रकाशन संस्थेत, छापखान्यात, दैनिकाच्या जिल्हा कचेरीत किंवा ग्रंथालयात घेऊ शकेल. ते प्रमाणपत्रापुरते उरकले गेले, तर एक चांगली संधी कागदावरच राहील.

उमेदवारी पत्करणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. काम काय, मुदत किती, मोबदला कोणता आणि शिकविणार कोण, या चार गोष्टी आधी लेखी ठरवून घ्याव्यात. सहा महिने केवळ गठ्ठे बांधून झाले आणि एकही मुद्रित हाती आले नाही, तर तो अनुभव नव्हे. ती स्वस्त मजुरी होय.

गावातच होणारी सुरुवात

प्रकाशनाचे पहिले धडे घेण्यास शहर गाठलेच पाहिजे असे नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात हजारो शासनमान्य ग्रंथालये उभी राहिली. त्यांतील पुष्कळशी खेड्यापाड्यांत आहेत. गावच्या ग्रंथालयातील देवघेवीची नोंदवही म्हणजे वाचकांच्या आवडीचा अस्सल दस्तऐवज. कोणती पुस्तके वर्षात वीस वेळा बाहेर गेली, कोणती कपाटातून एकदाही हलली नाहीत, महिला वाचक काय मागतात, स्पर्धा परीक्षेची मुले काय शोधतात, हे त्या नोंदवहीतून एखाद्या विद्यार्थ्याने महिनाभर बसून काढले, तर त्याला बाजाराचे असे ज्ञान होईल की मुलाखतीच्या वेळी त्याचे बोलणे इतरांहून वेगळे उठून दिसेल. जिल्हा ग्रंथोत्सवात पुस्तकांच्या गाळ्यावर दोन दिवस उभे राहिल्यास वाचक पुस्तक उचलतो, किंमत पाहतो आणि परत ठेवतो, तो क्षण जवळून पाहावयास मिळतो. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे २०१७ साली पुस्तकांचे गाव साकारले. ग्रामस्थांनी आपल्या घरांत पुस्तकांना जागा दिली, तेव्हाच हे घडू शकले.

व्यवसायाचे नियमही घरबसल्या अभ्यासता येतात. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे स्वामित्व हक्क टिकतो. पुस्तकाचा तेरा अंकी आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाने चालणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत पुस्तकाची एकेक प्रत चार ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवावी लागते : कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. ही माहिती असलेला नवखा उमेदवार पहिल्याच दिवशी संस्थेच्या उपयोगी पडतो.

सल्ला देताना

सारांश, या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना देता येणार नाही. पण उत्तर शोधण्याची रीत मात्र एकच आहे. समोरच्या मुलाला वा मुलीला प्रथम विचारावे : चार अंगांपैकी तुला कोणते काम करावयाचे आहे? मग विचारावे : त्यासाठी तुझ्यापाशी काय आहे आणि काय नाही? ज्याचे वाचन भरपूर आहे पण ज्याने कधी मुद्रित तपासलेले नाही, त्याने आधी काम धरावे. जो छापखान्यात वाढला पण ज्याचे वाचन तोकडे आहे, त्याने अभ्यासाची दोन वर्षे वाया गेली असे मानू नये. ज्याला शासकीय वा शैक्षणिक प्रकाशनात जावयाचे आहे, त्याने मागितलेली अर्हता पुरी करावी. आणि ज्याच्या घरची परिस्थिती बेताची आहे, त्याने महागडा अभ्यासक्रम कर्ज काढून घेण्यापूर्वी निदान काही महिने या व्यवसायात वावरून पाहावे. मन रमते की नाही हे तेथेच कळते. पदवी नंतरही घेता येते. डोक्यावर बसलेले कर्ज मात्र सहजासहजी उतरत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. भाषेचा हा मान पुस्तकांच्या रूपानेच घरोघरी पोहोचावयाचा आहे आणि त्यासाठी जाणती, कसबी माणसे लागणार आहेत. ती केवळ पुण्या-मुंबईतच जन्मतील असे नाही. एखाद्या आडवळणाच्या गावी ग्रंथालयाच्या पायरीवर बसून, छापील पानातील चूक पेन्सिलीने खुणावणारी मुलगी आजही असेल. शिक्षकांनी तिला शाळेच्या हस्तलिखित अंकाचे संपादन द्यावे, ग्रामपंचायतीने ग्रंथालयाची किल्ली तिच्या हाती विश्वासाने सोपवावी. पदवी आणि अनुभव या दोहोंची सुरुवात तेथूनच होईल.